पानाच्या कडेला

सकाळचे अकरा वाजायला पाचेक मिनिटं होती. दिपालीने चहाचा कप लॅपटॉपच्या उजव्या बाजूला ठेवला, त्याचा पडदा उघडला आणि कंपनीच्या दोषांच्या यादीत तीन आठवडे नारिंगी रंगात उभी असलेली तिची तक्रार तिला करड्या रंगात दिसली. खाली एक ओळ होती. ‘पुन्हा घडवता येत नाही. तंत्रज्ञाच्या हाताळणीतली चूक. बंद.’ आणि तिच्या टीमप्रमुखाचं, गंधारचं नाव. घरात काही पडलं नाही, फुटलं नाही. खाली सावेडीच्या रस्त्यावर भाजीची रिक्षा तेच ते कांदे-बटाटे ओरडत पुढे गेली, स्वयंपाकघरात आई मेथी निवडत होती, तिचा रेडिओ हळू चालू होता. दिपालीच्या कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. राग तिला लहानपणापासून आधी तिथेच कळायचा, मग खाली उतरायचा. तिने ती ओळ पुन्हा वाचली. ‘पुन्हा घडवता येत नाही’ हे तिला एक वेळ चाललं असतं. तिलाही ते अजून हुकमी घडवता आलं नव्हतं, चाळीस हजारांतून एकदा घडायचं. पण पुढचे ते तीन शब्द कुठून आले? त्यांच्याशिवाय तक्रार बंद होत नव्हती का? चहावर साय धरत गेली आणि ती बघत राहिली.

ती पुण्याच्या एका कंपनीचं काम नगरला घरी बसून करायची. डायलिसिसच्या यंत्रांच्या आत जी ऑपरेटिंग सिस्टीम चालते ती ही कंपनी बनवायची, आणि दिपालीकडे तिचा गाभा होता, कर्नल. वरचा कुठलाच प्रोग्राम ज्याच्या परवानगीशिवाय हलत नाही, तो सगळ्यांत खालचा प्रोग्राम. नातेवाइकांना ती ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढंच सांगायची. खरं तर ती गेली दोन वर्षं कर्नलच्या एकाच कोपऱ्यात काम करत होती, आणि सध्या एका बिटाच्या मागे होती. प्रोसेसरमध्ये एक फ्लॅग असतो, एका बिटाची खूण. तो वर केला, की प्रोसेसर एक सूचना पाळतो आणि थांबतो, कर्नलला कळवतो, मग पुढची सूचना, पुन्हा थांबतो. चूक शोधायची तर असंच, एकेक पाऊल टाकत जावं लागतं. हा फ्लॅग दोघं वर करू शकतात. दुरुस्तीला आलेला माणूस आपलं टूल जोडूनच यंत्र सुरू करतो, तेव्हा ते टूल कर्नलकरवी फ्लॅग वर करून घेतं. आणि एखादा प्रोग्राम स्वतःचा स्वतःही वर करू शकतो. या यंत्रात तसा एक प्रोग्राम होता. रोग्याच्या रक्तातून किती पाणी काढायचं याचं जे गणित चालायचं त्यावर तो पहारा करायचा. यंत्र सुरू होताना एकदाच स्वतःचा फ्लॅग वर करायचा आणि मग प्रत्येक पाऊल तपासत, तपासणीचा आकडा वाढवत जायचा. टूल काढलं, की कर्नलने आपण लावलेला फ्लॅग खाली घ्यायचा आणि प्रोग्रामने स्वतः लावलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही, असा नियम. त्यासाठी कर्नल नोंद ठेवायचा, हा फ्लॅग माझा की त्याचा. ती नोंद कधीतरी चुकत होती. मग टूल निघताना कर्नल प्रोग्रामचा फ्लॅगही आपलाच समजून उतरवून टाकायचा. पहारा थांबायचा. आणि थांबलेला पहारा चूक कळवत नाही, म्हणून यंत्रावरचा ‘सगळं ठीक’चा हिरवा दिवा हिरवाच राहायचा.

हे तिला स्वतःला सापडलेलं नव्हतं. मिरजगावचा अजिनाथ म्हेत्रे मोटारसायकलवर हिंडून पाच-सहा दवाखान्यांतली यंत्रं बघायचा. त्याने सर्व्हिसच्या फॉर्मवर एक वाक्य लिहिलं होतं, ‘तपासणीचा आकडा सर्व्हिसनंतर जागचा हलत नाही.’ उत्तर द्यायला तो फॉर्म दिपालीकडे आला. तिने फोन केला, तेव्हा तो कुठल्याशा रसवंतीवर थांबलेला होता, घुंगरांचा आवाज मागे येत होता. “मॅडम, कोपऱ्यात बारका आकडा असतो बगा, त्याच्याकडं कुनी बगत न्हाई. मी लिहून घेतो, सवय हाय मला. टूल काढलं आन् आकडा तिथंच. दिवा हिरवा. चार तास मी तिथंच बसलो. न्हाई हलला.” पुण्याने त्याला सांगितलं, यंत्र बंद करून चालू करा. त्याने केलं. आकडा धावायला लागला. त्यावरून पुण्यात दिपालीच्याच विभागातून शेरा गेला, की याने टूल नीट काढलं नव्हतं. आठवड्याभरात सर्व्हिस विभागाने त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. दुसऱ्या वेळी फोनवर तो कमी बोलला. “माझं हुईल काय व्हायचं ते. पन त्या आकड्याचं कुनीतरी बगा.” दिपालीला ते वाक्य आवडलं नव्हतं. स्वतःवरचा आळ बाजूला ठेवून माणूस आकड्याची काळजी करतो, हे ऐकून तिला त्याचाच राग आला होता. भांडत का नाहीस, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण ते विचारायचा अधिकार आपल्याला आहे का, याची तिला खात्री नव्हती.

कारण ती नऊ वर्षांची असताना तीसुद्धा गप्प बसली होती. तिसगावहून ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला गेलेल्या टोळीत ते तिघं होते, आई, बाप आणि ती. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाची झोपडी, कोपी, पहाटेचं गार, बोटांना चिकटलेला राखेचा वास. त्या वर्षी मुकादमाने सगळ्यांचे कोयते गोळा करून कुठूनतरी नव्या मुठी बसवून आणल्या होत्या. आईचा कोयता दिपालीनेच उचलून तिच्याकडे नेला. नेताना पातं मुठीत हललं. किंचितच, पडायला आलेला दात जिभेने हलवावा तेवढं. ते तिच्या तळहाताला कळलं. तिने आईला सांगितलं नाही. का सांगितलं नाही याचं उत्तर तिच्याकडे आजही नव्हतं. तिचं लक्ष तेव्हा कुणाच्या तरी रेडिओकडे होतं, किंवा थंडी होती, किंवा काहीच नव्हतं. तासाभराने पातं मुठीतून सुटलं आणि आईच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मुकादम धावत आला, त्याने स्वतःचा गमजा फाडून बांधला, ट्रॅक्टर जोडायला लावला, सगळं केलं. आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “रंगुबाई, हात चुकला तुजा. ध्यान कुटं हुतं?” आई काही बोलली नाही. बाप बोलला नाही. मुकादमाची नजर एकदा दिपालीवरून गेली, ती खाली बघत राहिली. मुठीचं लाकूड रक्ताने भिजलं होतं आणि आतलं भोक मोठं होतं, हे तिला उभ्या जागेवरून दिसत होतं. पुढे ती आश्रमशाळेत राहिली, शिकली, शिष्यवृत्ती मिळवत इंजिनीअर झाली. लोक म्हणायचे, पोरगी लई शांत हाय. त्या शांतपणाच्या आत काय आहे हे एकट्या तिलाच माहीत होतं.

बाराला तिने गंधारला फोन लावला. गंधार वाईट माणूस नव्हता. ती कंपनीत नवी होती तेव्हा त्याने तिला चार-चार तास बसून शिकवलं होतं. त्याचा आवाज चांगला होता, समजुतीचा, आणि आज तिला तो समजुतीचाच सूर नको होता.

“तू बंद केलीस,” ती म्हणाली.

“शुक्रवारी नव्या आवृत्तीचा रिलीज आहे, दिपाली. उघडी तक्रार ठेवून रिलीज जात नाही. चाळीस हजारांत एकदा होतं, तेही तुझ्या मशीनवर. माझ्याकडे दोन लाख वेळा चालवलं, एकदाही नाही.”

“घडत नाही एवढंच लिहायचं होतं. तंत्रज्ञाची चूक हे परत कुठून आणलंस?”

“काहीतरी कारण लिहावं लागतं.”

“म्हणून त्याचं नाव?”

“नाव कुठे लिहिलंय?”

“तिथे एकच तंत्रज्ञ होता, गंधार.”

गंधारने आवाज आणखी समजुतीचा केला. मग म्हणाला, “तू हे जरा मनाला लावून घेतेयस. बाहेरचा माणूस आहे तो, ठेक्यावरचा. त्याला दुसरं काम मिळेल. आणि तू पुढच्या रिलीजला परत उघड ना, कोण अडवतंय?”

“शुक्रवारच्या कागदावर कर्नलची सही माझी लागते,” दिपाली म्हणाली. “ती मी करणार नाही.”

“मग मला दुसऱ्या कुणाची तरी घ्यावी लागेल.”

“घे. पण मी का केली नाही, ते त्याच कागदावर लिहीन.”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की बोलताना ती उभी राहिली होती. असं आपण बोललो याचं तिला नवल वाटलं नाही, आनंदही झाला नाही. फक्त आता मागे जायला जागा नव्हती, आणि हे बरं होतं. ती बसली. चाळीस हजारांत एकदा. हा आकडाच तिला खोटा वाटत होता. यंत्र काही फासे टाकत नाही. ते दर वेळी तेच करतं, आपल्याला कारण दिसत नाही म्हणून आपण त्याला ‘कधीकधी’ म्हणतो. तिने जेव्हा घडलं होतं त्या वेळच्या नोंदी पुन्हा काढल्या, अकरा होत्या, आणि एकेक पाऊल टाकत निघाली. थांब. काय दिसतं? पुढे. थांब. सूचना पाळली जाण्याआधी कर्नल काय करतो? फ्लॅग वर करणारी सूचना येतेय का हे बघायला तो पुढचे पंधरा बाइट वाचतो. प्रोसेसरची सगळ्यांत लांब सूचना पंधरा बाइटांची, म्हणून पंधरा. तिने हे हजारदा वाचलं होतं. आज तिने सूचनेचा पत्ता बघितला. मग दुसऱ्या नोंदीतला. तिसऱ्या. अकराही वेळा सूचना मेमरीच्या पानाच्या अगदी शेवटच्या बाइटवर होती. मेमरी पानांची असते, एक पान संपलं की दुसरं, आणि लागेल तेव्हाच पुढचं पान आत आणलेलं असतं. सूचना होती एकाच बाइटची. पुढचे चौदा बाइट पुढच्या पानावर, आणि ते पान आत नव्हतं. कर्नलला पंधरा मिळाले नाहीत, म्हणून हातात असलेला एकही त्याने बघितला नाही. वाचता आलं नाही याचा अर्थ त्याने ‘काही नाही’ असा घेतला आणि फ्लॅग स्वतःच्या नावावर लिहून टाकला. गंधारच्या मशीनवर तो प्रोग्राम पानाच्या मध्यावर बसत होता. दोन लाख काय, दोन कोटी वेळा चालवला असता तरी तिथे काही झालं नसतं.

तिने खुर्ची मागे ढकलली. आत आई परातीत पीठ घेत होती, डाव्या हाताच्या तीन बोटांनी परात धरून. दिपाली ओट्याला टेकून उभी राहिली आणि का कोण जाणे, सगळं सांगायला लागली, पान, कड, पंधरा बाइट, अजिनाथ. रंगुबाईंनी पिठात पाणी घातलं. पीठ तिंबत ऐकत राहिल्या. तिसगावहून इथे आल्यापासून त्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या, आणि दुकानातून आलेल्या पुड्यांचे कागदसुद्धा उलगडून वाचायच्या.

“म्हंजी पुढचं पान न्हाई म्हनून हातातलं बी वाचलं न्हाई त्यानं?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“जेवडं हाय तेवडं तरी वाचावं की.”

दिपाली हसली. दुरुस्ती तेवढीच होती. पाच ओळींची. मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली, “आई, कोयता हलत होता. मी आणून दिला तेव्हा. मला कळलं होतं.”

रंगुबाईंचे हात थांबले नाहीत. “मला बी कळलं हुतं,” त्या म्हणाल्या. “हातात घेतल्या घेतल्या.”

“मग?”

“मग काय. दुसरा कुटं हुता?” त्यांनी पिठावर थोडं पाणी शिंपडलं. “मुकादम म्हनला हात चुकला. म्या गप ऱ्हायले. तवा दुकत हुतं, म्हनून गप ऱ्हायले आसं वाटलं. पर नंतर बी न्हाई बोलले. कदीच न्हाई. त्याचं लई वाईट वाटतं. बोटांचं तेवडं न्हाई वाटत.” मग नेहमीच्या आवाजात, “जेवून जा. का तसंच बसनार?”

ती जेवली नाही. तिला आत काहीतरी मोकळं व्हायला हवं होतं, तसं झालं नाही. उलट वीस वर्षं एकटीने सांभाळलेली गोष्ट आईकडेही होती, तितकीच वर्षं, आता तर एकाच घरात, आणि दोघींनी ती एकमेकींपासून लपवली होती, याचा तिला संताप आला. कुणावर, ते कळेना. तो संताप तिने कामाला लावला. अडीच वाजेपर्यंत तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मुद्दाम एक पान घ्यायचा, फ्लॅग वर करणारी सूचना त्याच्या शेवटच्या बाइटवर ठेवायचा, पुढचं पान मेमरीतून काढून टाकायचा आणि टूल जोडून एक पाऊल टाकायला लावायचा. शंभर वेळा चालवला. शंभर वेळा फ्लॅग पुसला गेला. तिने पाच ओळी घातल्या, कर्नल नव्याने बांधला, पुन्हा शंभर. एकदाही नाही. तक्रार तिने परत उघडली. चारला रिलीजची बैठक होती. त्याआधी तिने अजिनाथला फोन केला. तो घरीच होता.

“चार वाजता फोन जवळ ठेवाल का?” ती म्हणाली. “मी कॉलवर घेईन तुम्हाला. पुण्याची माणसं असतील.”

“मी काय बोलनार त्यांच्याम्होरं?”

“जे फॉर्मवर लिहिलंत तेच.”

त्याने ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाला, “ठेवतो.”

बैठकीत पडद्यावर सात चौकटी होत्या. मधली लीनाची, सगळ्या विभागाची ती प्रमुख, पन्नाशीची, चष्मा कपाळावर. दिपालीने पडदा दाखवला आणि प्रोग्राम चालवला. गंधारने तो तिच्याकडून मागून घेतला, स्वतःच्या मशीनवर चालवला, सगळ्यांसमोर. दिपालीला दिसलं, की तो पडद्याच्या जवळ सरकला आहे. आकडे बघताना त्याचा चेहरा एका क्षणी अगदी निर्मळ झाला, शिकवायचा तेव्हा व्हायचा तसा. “पानाची कड,” तो स्वतःशीच म्हणाला. “बरोबर.” त्या क्षणी तिला तो पुन्हा आवडला. मग तो मागे टेकला. “छान काम. दुरुस्ती या रिलीजमध्येच घेऊ. माझी हरकत नाही. टीमने हे वेळेत पकडलं.”

“टीमने नाही पकडलं,” दिपाली म्हणाली. “मिरजगावच्या अजिनाथ म्हेत्रेंनी पकडलं. दोन महिन्यांपूर्वी. त्यांचं ओळखपत्र आपण काढून घेतलंय.”

“तो विषय सर्व्हिस विभागाचा आहे,” गंधार म्हणाला. “इथे नको.”

“इथेच. सर्व्हिस विभागाने आपल्या शेऱ्यावर विश्वास ठेवला. शेरा इथून गेला. तो मागे घेतल्याशिवाय मी सही करत नाही.”

लीनाने चष्मा खाली घेतला. “दिपाली, दुरुस्ती झाली ना? मग सही अडवून काय मिळणार? शुक्रवार चुकला तर त्याचा जाब तुला द्यावा लागेल. रिलीजच्या कामावर मग मी तुला ठेवू शकणार नाही.”

“ठीक आहे,” दिपाली म्हणाली. “म्हेत्रे फोनवर आहेत. मी त्यांना घेते.” आणि कुणी हो म्हणायच्या आत तिने घेतलं.

आठवी चौकट उघडली. चित्र नव्हतं, काळ्यावर नुसतं नाव. मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. “नमस्कार,” अजिनाथ म्हणाला. “मी म्हेत्रे बोलतोय.”

लीनाने गंधारकडे बघितलं. गंधार समजावून सांगायला लागला, पान, कड, पंधरा बाइट. सोपं करून सांगत होता, चांगलं सांगत होता. अजिनाथ हं, हं करत होता. सांगून झालं. मोटरचा आवाज तेवढा येत राहिला.

“म्हंजे टूल मी नीट काढलं हुतं,” अजिनाथ म्हणाला.

कुणी बोललं नाही. दिपालीला उत्तर येत होतं. तोंडाशी आलं होतं. पण तिने ते दिलं तर ते तिचं उत्तर होईल, आणि त्याला ते दुसऱ्या माणसाकडून हवं होतं. तिने ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा ती ठरवून गप्प बसली. एक चौकट हलली, कुणीतरी पाणी प्यायलं.

“हो,” गंधार म्हणाला. “नीट काढलं होतं. चूक तुमची नव्हती. आमची होती.”

“मग तेवडं कागदावर द्या साहेब,” अजिनाथ म्हणाला. “तोंडी नको. मला काढताना कागद दिला हुता.”

“देऊ,” लीना म्हणाली.

“कदी?”

एस. टी. कधी सुटते असं विचारावं, तितक्या साधेपणाने त्याने विचारलं. लीनाने घड्याळाकडे बघितलं. “आज,” ती म्हणाली. “सहाच्या आत मेल येईल. ओळखपत्राचं मी स्वतः बघते.”

“मी हाय मग सहापर्यंत,” अजिनाथ म्हणाला, आणि फोन ठेवला नाही.

मेल सहाला दहा मिनिटं कमी असताना गेली. अजिनाथने ती मोठ्याने वाचली, प्रत्येक शब्द, आणि मगच फोन ठेवला. दिपालीने सही केली. पाठोपाठ तिलाही एक मेल आली. पुढच्या महिन्यापासून रिलीजच्या कामावर दुसरं कुणीतरी असेल, तिने जुन्या यंत्रांचा भाग बघावा. भाषा सौम्य होती. तिने ती एकदा वाचली आणि बाजूला सारली. वाईट वाटायचं ते वाटलं. कर्नलच्या त्या कोपऱ्यात तिची दोन वर्षं गेली होती. पण मान वाकवावी असं त्यात काही नव्हतं.

खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. आईने दिवा लावला आणि म्हणाली, “झालं का गं?” झालं, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात तिचे डोळे पडद्यावरच्या आपल्या पाच ओळींवर गेले आणि तिथेच राहिले. जेवढं आहे तेवढं वाचायचं. पण हीच सूचना आधी एक पूरक बाइट लावून दोन बाइटांचीही लिहिता येते; मग पानाच्या कडेवर तो पूरक बाइटच असेल, आणि फ्लॅगचा बाइट पुढच्या पानावर? मग हातातलं वाचूनही काही कळत नाही. तिच्या पाच ओळी तेव्हाही ‘काही नाही’ असंच म्हणतील. फ्लॅग पुन्हा पुसला जाईल. इतक्या कमी वेळा, की अकरा सोडा, एकही नोंद कुणाला कधी मिळणार नाही. सही होऊन अर्धा तास झाला होता. रिलीज शुक्रवारी होता, हातात दोन दिवस होते, आणि हे तिच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हतं.

“न्हाई झालं,” ती आईच्याच बोलीत म्हणाली. तिने नवी तक्रार उघडली, जमेल तितक्या जणांना, लीनाला, गंधारला, अजिनाथलाही त्यात घेतलं, आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ‘माझ्या आजच्या दुरुस्तीत चूक आहे. सही मागे घेत आहे.’